अशांत घर आणि किशोरवयीन मुलांची स्वतःची ओळख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुलांनी, पालकांनी, शिक्षकांनी आणि अशा घरात वाढून आता मोठ्या झालेल्या माणसांनी पुन्हा पुन्हा पाठवलेले आहेत. त्यांची भाषा शक्यतो तशीच ठेवली असून ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. एकाच मुद्द्याची पुनरुक्ती टाळण्यासाठी आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. किशोरवय नेमकं कधीपासून कधीपर्यंत? आणि या वयात ‘ओळख घडते’ म्हणजे काय होतं?

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ ही वर्षे किशोरवय मानते. त्याआधी ‘मी कसा आहे?’ या प्रश्नाचे उत्तर मूल घरच्यांच्या बोलण्यातून उचलते. हट्टी, हुशार, आजीसारखा, असे जे कानावर पडते ते खरे धरून चालते. बारा-तेराव्या वर्षानंतर हे उसने उत्तर पुरेनासे होते. आपण वर्गात बडबडे आणि घरी मुके का आहोत, मित्राच्या घरी जेवताना सगळे हसतात आणि आपल्याकडे कुणीच बोलत का नाही, अशा विसंगती त्याला दिसू लागतात. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी ‘मी कोण’ याचा शोध हे या वयाचे मुख्य काम मानले. घर शांत असेल तर मुलाला या कामासाठी उसंत मिळते. घर अशांत असेल तर त्याचे सारे लक्ष घरातले वातावरण ओळखण्यात खर्च होते आणि त्या घरात वाट्याला आलेली भूमिका हीच त्याला आपली ओळख वाटू लागते. पुढची बरीच उत्तरे या एका गफलतीभोवती फिरतात.

२. आत्मविश्वास आणि आत्मसन्मान यांत फरक काय? माझ्या मुलीकडे पहिला भरपूर आहे, दुसरा अजिबात नाही असं वाटतं.

तुमचे निरीक्षण योग्य असू शकते. आत्मविश्वास एखाद्या कामापुरता असतो : मला गणित जमते, मला व्यासपीठावर बोलता येते. गणित बिघडले तरी मी टाकाऊ ठरत नाही, ही भावना म्हणजे आत्मसन्मान. मॉरिस रोजेनबर्ग यांनी १९६५ मध्ये आत्मसन्मान मोजण्यासाठी दहा विधानांची जी श्रेणी प्रसिद्ध केली, तिच्यात ‘मी इतरांपेक्षा सरस आहे’ असे विधान नाही. इतरांच्या बरोबरीने आपल्यालाही मोल आहे, एवढेच तेथे अभिप्रेत आहे.

याच अभ्यासातील एक गोष्ट पालकांना सहसा ठाऊक नसते. रोजेनबर्ग यांनी मुलांना साधे प्रश्न विचारले होते : तुझे मित्र कोण हे आईवडिलांना माहीत होते का, गुणपत्रक दाखवल्यावर ते काय म्हणत, जेवताना तुला संभाषणात घेत का. गुणपत्रकावरून बोलणी खाणाऱ्या मुलांपेक्षा, ज्यांच्या गुणपत्रकाकडे घरी कुणी पाहिलेच नाही त्या मुलांचा आत्मसन्मान खालावलेला आढळला. याचा अर्थ रागवावे असा नाही. मात्र आपल्याच कलहात बुडालेल्या आईवडिलांकडून मुलाला बसणारा मोठा फटका पुष्कळदा या दुर्लक्षाचा असतो.

३. भांडणं तर प्रत्येक घरात होतात. मग ‘अशांत घर’ कशाला म्हणायचं?

भांडण होते की नाही यापेक्षा ते कसे होते आणि कसे संपते याला महत्त्व आहे. मार्क कमिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले. मतभेद मिटलेला पाहिला की मुलांचा ताण लक्षणीय कमी होतो. एवढेच नव्हे, तर मोठ्यांनी दार बंद करून वाद मिटवला आणि नंतर ‘आमचे मिटले’ असे मुलांना सांगितले तरीही ती सावरतात. बहुतेक घरांत नेमके हेच राहून जाते. भांडण सर्वांदेखत होते आणि समेट मुले झोपल्यावर, त्यामुळे मुलाच्या हाती फक्त पूर्वार्ध येतो.

वारंवार होणारी, शिवीगाळ किंवा मारहाणीपर्यंत जाणारी, न मिटता कुजत राहणारी आणि मुलांवरून होणारी भांडणे सर्वाधिक हानी करतात. आठवडेच्या आठवडे चालणारा अबोलाही याच यादीतला आहे. ‘आम्ही मुलांसमोर कधी आवाज चढवत नाही’ असे सांगणारे पालक भेटतात, पण ताट आपटल्याचा आवाज आणि ठेवल्याचा आवाज यांतला फरक मुलांना बरोबर कळतो.

४. आई-बाबा माझ्यावरूनच भांडतात. मी नसतो तर ते सुखात राहिले असते असं वाटतं. हे खरं आहे का?

नाही. भांडणात तुझे नाव येणे आणि भांडण तुझ्यामुळे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुझे गुण, तुझा मोबाइल, तुझे उशिरा येणे हे विषय मोठ्यांना सोयीचे असतात, कारण त्यांच्यातल्या खऱ्या दुखण्याविषयी बोलणे फार अवघड असते. हे तुला स्वतः पडताळून पाहता येईल. तू घरी नव्हतास तेव्हा भांडणे थांबली होती का? ज्या विषयात तू सुधारणा केलीस त्याची जागा दुसऱ्या विषयाने घेतली का?

तरीही मन दोष स्वतःकडे ओढते, आणि त्यामागे एक तर्क असतो. चूक माझी असेल तर उपायही माझ्या हातात राहतो. चूक मोठ्यांची असेल तर ज्यांच्यावर मी विसंबून आहे त्यांच्याच हाताबाहेर घर गेले आहे हे मान्य करावे लागते, आणि ती भीती अपराधीपणापेक्षा मोठी असते. जॉन ग्रिच आणि फ्रँक फिंचम यांनी १९९० मध्ये मांडले की भांडणाचा अर्थ मूल कसा लावते यावर त्याचा परिणाम बराचसा अवलंबून असतो. ‘आता काय होणार’ आणि ‘हे माझ्यामुळेच’ हे दोन विचार त्यात सर्वाधिक जाचक ठरतात. म्हणून पालकांनी मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावे : ‘हे आमच्यातले आहे. ते तुझ्यामुळे झालेले नाही. ते मिटवणे तुझे काम नाही.’ तिसरे वाक्य बहुधा गाळले जाते आणि त्याचीच मुलाला सर्वांत जास्त गरज असते.

एक अपवाद नोंदवतो. तू खोटे बोललास किंवा पैसे न विचारता घेतलेस, तर तेवढी चूक तुझी आहे आणि ती तू कबूल करावीस. त्यावरून मोठ्यांनी एकमेकांचे काय केले, याची जबाबदारी त्यांची आहे.

‘मी नसतो तर’ हा विचार वारंवार येत असेल, त्यात मरणाचे विचार मिसळत असतील, तर पुढचे वाचण्याआधी विश्वासातल्या एका मोठ्या माणसाला हेच शब्द सांग. तू एकट्याने तोंड द्यावेस अशी ही गोष्ट नाही. प्रश्न ११ सुद्धा पाहा.

५. आमची मोठी मुलगी फारच समंजस आहे. धाकट्याचं सगळं तीच बघते, माझं मन तिलाच कळतं. यात काळजी करण्यासारखं काही आहे का?

बहुतेक वेळा हा प्रश्न कौतुकाच्या सुरात येतो आणि त्याचे उत्तर द्यायला मला सर्वांत जास्त वेळ लागतो.

घरकामात मदत करणे, धाकट्याला सांभाळणे यांत वावगे काही नाही. त्याची दखल घेतली जात असेल आणि ते वयाला झेपणारे असेल, तर त्यातून आत्मसन्मान वाढतोच. काळजी तेव्हा करावी जेव्हा मूल आईवडिलांचे आईवडील होते. कुटुंबोपचारात याला पॅरेंटिफिकेशन म्हणतात. त्याचा एक प्रकार कामाचा आणि दुसरा भावनेचा असतो, आणि भावनेचा प्रकार बाहेरून दिसत नाही. अशी एक मुलगी कुलपात किल्ली फिरण्याच्या आवाजावरून वडिलांचा मूड ओळखत असे. किल्ली एका झटक्यात फिरली तर ती वही मिटून पाणी आणायला उठे, दोन-तीनदा चुकली तर धाकट्याला आतल्या खोलीत नेऊन दार लोटून घेई. तिला स्वतःविषयी विचारले की उत्तर ‘आईला बरं वाटत नाही’ किंवा ‘भाऊ अभ्यास करत नाही’ असे येई. आवडीचा रंग विचारला तेव्हा ती गोंधळली, कारण त्या प्रश्नाचे उत्तर इतर कुणाच्या चेहऱ्यावर लिहिलेले नव्हते.

अशा मुलांना शाबासकी भरपूर मिळते, त्यामुळे त्यांचा आत्मसन्मान चांगला असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तो अटीवर उभा असतो : मी उपयोगी आहे तोवर मला किंमत आहे. परीक्षा करायची असेल तर पाहा की ही मुलगी आजारी पडली, नाही म्हणाली किंवा एखादी संध्याकाळ नुसती बसून राहिली, तर तिला अपराधी वाटते का.

उपाय म्हणून जबाबदाऱ्या एका दिवसात काढून घेऊ नयेत. तिचे घरातले स्थान त्यावरच उभे असल्याने तिला ते हकालपट्टीसारखे वाटेल. आधी आपले मन मोकळे करण्यासाठी बहीण, मैत्रीण किंवा समुपदेशक असे मोठे माणूस शोधावे. मग एकेक काम परत घेताना ‘हे मी बघेन, हे माझे काम आहे’ असे सांगावे आणि ते खरोखर करावे. एकदा जरी काम अर्धवट राहिले तरी ती पुन्हा पहाऱ्यावर उभी राहील.

६. तिचाच भाऊ मात्र सगळ्यांशी भांडतो, शाळेत तक्रारी येतात. एकाच घरातली दोन मुलं इतकी वेगळी कशी?

घर एकच असले तरी दोघांच्या वाट्याला ते एकच येत नाही. वय, स्वभाव, संकट आले तेव्हा कोण किती वर्षांचा होता आणि कोणती जागा आधीच भरलेली होती, यावर पुष्कळ ठरते. शहाण्याची जागा बहिणीने घेतली असेल तर भावाकडे उरलेल्या जागांत द्वाडाची जागा सर्वांत ठळक असते. काही घरांत मुलाच्या दंग्यामुळे आईवडील तेवढ्यापुरते एकत्र येतात, दोघे मिळून शाळेत जातात. मुलाला हे उमगत नसले तरी ते त्याच्या अंगवळणी पडते. घराने नको म्हटलेल्या गोष्टींतूनच स्वतःला घडवणे, याला एरिक्सन यांनी नकारात्मक ओळख म्हटले आहे. त्यांच्या मते कुणीच नसण्यापेक्षा वाईट असणे मुलाला सुसह्य वाटते.

त्याला ‘ताईकडे बघ’ म्हणणे ताबडतोब थांबवावे. त्या एका वाक्याने दोघांच्याही भूमिका पक्क्या होतात.

७. आई म्हणते ‘बाबांना सांग’, बाबा म्हणतात ‘आईला विचार’. दोघं एकाच खोलीत असतात. मी काय करू?

तू निरोप्याचे काम सोडू शकतोस. दोघे शांत असताना, एकेकाला वेगळे गाठून म्हणून पाहा : ‘मला तुम्ही दोघेही हवे आहात. निरोप तुम्हीच एकमेकांना द्या, मला मधे ठेवू नका.’ पहिल्यांदा बहुधा रुसवा पदरी पडेल, दुसऱ्यांदा कदाचित ‘तूही त्याच्याच बाजूचा’ असा टोमणा येईल. त्याला उत्तर देण्याची गरज नाही, वाक्य तेवढे तेच ठेव. घरात मारहाण होत असेल तर मात्र हा प्रयोग करू नकोस आणि सरळ प्रश्न ११ वाच.

पालकांसाठी एवढेच, की जोडीदाराची उणीदुणी मुलासमोर काढणे म्हणजे मुलाच्या अर्ध्या अस्तित्वाची उणीदुणी काढणे. ‘अगदी बापावर गेलास’ हे वाक्य ज्या घरात शिवी म्हणून वापरले जाते, तेथे मुलगा आरशात काय पाहत असेल याचा विचार करावा.

८. मुलांसाठी म्हणून एकत्र राहावं की वेगळं व्हावं?

हा निर्णय दुसऱ्या कुणी देऊ नये. संशोधनातून मिळणारा एक धागा मात्र उपयोगी आहे. पॉल अमाटो आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले की पराकोटीचा कलह असलेल्या घरांतील मुले आईवडील विभक्त झाल्यानंतर, तशाच कलहात राहिलेल्या मुलांच्या तुलनेत पुढे बरी राहिली. जेथे वरवर कलह फारसा नव्हता तेथे विभक्त होणे मुलांना अधिक जड गेले, कारण त्यांच्या दृष्टीने आकाश अचानक कोसळले होते. ‘मुलांसाठी’ हे कारण मुलांना सांगू मात्र नये. आपल्यासाठी आईने आयुष्य जाळले, हे ओझे चाळिशीतही उतरत नाही.

निर्णय घेताना मुलाचे ऐकावे. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातील कलम १२ नुसार स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क मुलाला आहे. मत विचारणे आणि ‘कुणाकडे राहणार ते तूच ठरव’ म्हणून निवाडा त्याच्या गळ्यात घालणे यांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

९. माझे खरे वडील कोण हे मला कधीच कळलं नाही. मग माझी ओळख अर्धवटच राहणार का?

प्रश्न १ मध्ये उल्लेख आलेल्या एरिक्सन यांचीच गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. त्यांचा जन्म १९०२ मध्ये फ्रँकफर्टला झाला. सावत्र वडील हेच जन्मदाते असल्याचे त्यांना लहानपणी सांगण्यात आले होते, आणि जन्मदाता कोण हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. ते ज्यू घरात वाढले. ज्यू मुलांत ते गोरे, निळ्या डोळ्यांचे म्हणून परके ठरले आणि शाळेत ज्यू म्हणून. १९३९ मध्ये अमेरिकेचे नागरिक होताना त्यांनी सावत्र वडिलांचे होम्बुर्गर हे आडनाव मधले नाव म्हणून ठेवून एरिक्सन, म्हणजे ‘एरिकचा मुलगा’, हे नाव धारण केले. ज्याने ओळखीच्या प्रश्नाला मानसशास्त्रात जागा मिळवून दिली, त्याच्या स्वतःच्या कहाणीचे पहिले पान कोरेच होते.

ते पान कोरे असल्याचे दुःख खरे आहे आणि ते कुणी हसण्यावारी नेऊ नये. पण ओळख माहितीवर जितकी उभी असते तितकीच निवडीवरही असते. घरातील मोठ्यांनी मात्र हे सत्य मुलाला लवकर, साध्या शब्दांत आणि स्वतःच्या तोंडून सांगावे. परक्याकडून कळल्यास सत्यापेक्षा लपवाछपवीचा घाव खोल जातो.

१०. मुलाला सतत ‘तू ग्रेट आहेस’ म्हटलं तर आत्मसन्मान वाढेल ना?

बहुधा नाही, आणि ज्याचा आत्मसन्मान आधीच कमी आहे त्याच्या बाबतीत उलटे घडू शकते. एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधील अभ्यासात मोठी माणसे अशाच मुलांचे फुगवून कौतुक करताना आढळली, आणि त्या फुगवलेल्या कौतुकानंतर तीच मुले अवघड काम टाळू लागली. एवढी उंची पुन्हा गाठता आली नाही तर काय, ही धास्ती त्यामागे असावी. कौतुक करताना प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट सांगावी : ‘सायकलची साखळी तू स्वतः बसवलीस, हात काळे होईपर्यंत सोडली नाहीस.’ असे बोलण्यासाठी आधी तेथे बसून ती पाहावी लागते.

११. विद्यार्थिनीने मला घरातली गोष्ट सांगितली आणि ‘कुणाला सांगू नका’ अशी शपथ घातली. मी काय करावं?

शपथ स्वीकारू नये. ‘तू सांगितलेले मी चारचौघांत बोलणार नाही, पण तुझ्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल तर मला मदत आणावी लागेल, आणि ती कुणाकडून आणणार हे आधी तुला सांगेन,’ असे म्हणावे. मारहाण, लैंगिक अत्याचार, उपाशी ठेवणे, स्वतःला इजा करणे किंवा आत्महत्येचे विचार यांपैकी काही असेल तर गुप्ततेचा प्रश्न उरत नाही. त्याच दिवशी बालसंरक्षण यंत्रणेशी किंवा डॉक्टरांशी संपर्क साधावा. ज्या घरात अत्याचार होत असल्याचा संशय आहे त्या घरी परस्पर फोन करून ‘खुलासा’ मागू नये, कारण त्याची किंमत मुलगी रात्री मोजते. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे, निःसंकोच विचारावे.

१२. मी फक्त मामा आहे. महिन्यातून एकदा भेटतो. माझा काय उपयोग?

हवाईमधील कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी अनेक दशके मागोवा घेतला. गरिबी, घरातला कलह, पालकांचे व्यसन किंवा मानसिक आजार अशी अनेक संकटे एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, आत्मविश्वासू आणि माया करणारी माणसे झाली. त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे टिकून राहिलेले निदान एक मायेचे माणूस, आणि ते आई किंवा वडीलच असत असे नाही; आजी-आजोबा, शिक्षक, शेजारी कुणीही असे.

महिन्यातून एकदा चालेल, पण तो दिवस चुकवू नये. येताना उपदेश आणू नये आणि तिच्या आईवडिलांविषयी मत देऊ नये. मागच्या वेळी तिने सांगितलेले लक्षात ठेवून त्यापुढचे विचारावे.

१३. वडिलांचं व्यसन (किंवा आईचा मानसिक आजार) मुलांपासून लपवावं का?

लपत नाही. ‘बाबांना बरं नाही’ असे सांगितलेले मूल स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवायला शिकते. आजाराला आजार म्हणावे, तो मुलामुळे झालेला नाही आणि मुलाच्या वागण्याने तो बरा होणार नाही हे सांगावे. घरातील मद्यपानाची झळ सोसणाऱ्या किशोरवयीनांसाठी अ‍ॅलाटीन ही मदतगटांची चळवळ १९५७ पासून चालू आहे. ‘माझ्याच घरी असं आहे’ ही लाज तशाच दुसऱ्या मुलासमोर बसल्यावर जितकी उतरते तितकी आमच्यासारख्यांच्या समजावण्याने उतरत नाही.

१४. मी ऑनलाइन बालपणीच्या आघातांची चाचणी केली. गुण ६ आले. आता माझं पुढे वाईटच होणार का?

तसा अर्थ काढू नकोस. ही चाचणी विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांच्या १९९८ मधील अभ्यासातून आली. हजारो प्रौढांच्या गटात बालपणीचे आघात आणि नंतरचे आजार यांचा संबंध पाहण्यासाठी तो होता. एका व्यक्तीचे भविष्य सांगण्यासाठी हा आकडा वापरू नये, असे खुद्द अँडा यांनी २०२० मध्ये लिहिले आहे. आघात किती वेळा झाला, किती वर्षे चालला आणि त्या काळात तुझ्या बाजूने कोण उभे होते, यांपैकी काहीच त्या आकड्यात मोजलेले नसते.

१५. ‘काय व्हायचंय’ विचारलं की मुलगा ‘माहीत नाही’ म्हणतो. त्याचा मित्र मात्र ठाम आहे. कोणाची काळजी करावी?

कदाचित दोघांपैकी कुणाचीच नाही, कदाचित मित्राची. जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये ओळखीच्या चार अवस्था मांडल्या. शोध न घेता दुसऱ्याने ठरवलेले स्वीकारणे ही त्यांतली एक. ती बाहेरून ठामपणासारखीच दिसते, आणि कडक किंवा धाकाच्या घरात पुष्कळदा आढळते. तुमच्या मुलाचे ‘माहीत नाही’ कुतूहलाने भरलेले असेल, तो हे करून पाहा, ते सोडून दे असे करत असेल, तर शोध चालू आहे. तेच शब्द थकून, खांदे पाडून येत असतील आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीही सुटल्या असतील, तर तो प्रश्न करिअरचा नसून नैराश्याचा असू शकतो आणि तज्ज्ञाला दाखवावे.

१६. मी मुलीवर खूप वर्षं ओरडलो, नको ते बोललो. ती आता सतरा वर्षांची आहे. माफी मागून काही होतं का?

होते, माफीत ‘पण’ नसेल तर. ‘मी तुला सगळ्यांसमोर मूर्ख म्हणालो, ते चुकीचे होते आणि खोटेही होते,’ असे त्या एका प्रसंगाचे नाव घेऊन सांगावे. आपल्या ताणाची कारणे त्याच बैठकीत देऊ नयेत, नाहीतर समजूत काढण्याचे काम पुन्हा तिच्याकडे जाते (प्रश्न ५). ती गप्प बसेल, उठून जाईल किंवा तुम्ही विसरलेले चार प्रसंग ऐकवेल. ते चारही ऐकून घ्यावेत. उलरिख ऑर्थ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यानुसार आत्मसन्मान सरासरीने ११ ते १५ या वयात स्थिर राहतो आणि त्यानंतर तिशीपर्यंत बराच वाढतो. म्हणजे तुमच्या मुलीची वाढीची वर्षे आत्ता कुठे सुरू झाली आहेत. तिने क्षमा केली का, हे मात्र दुसऱ्या दिवशी विचारू नये.